मिटलेलं, फिटलेलं

रावपुऱ्याच्या शाखेत जिगीषाबेननं
स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकानं
एका शब्दावर टिचकी मारली.
"काका, सेटल्ड एटले क्लोज्ड नहीं."
वयानं माझ्या पुतणीएवढी. आवाजात दुष्टावा नाही.
एसी चालू होता, तरी मी रुमाल काढला.

तीस वर्षं मी लोकांची प्रुफं तपासली.
शिर्के आर्ट प्रिंटर्स, दांडिया बाजार, जिन्याखालचा गाळा.
कंकोत्र्या गुजरातीत, पत्रिका मराठीत,
एक काना सुटला तर रात्री दोनला मशीन थांबवलं.
आणि स्वतःच्या कागदावरचा
हा एक शब्द सहा वर्षं वाचलाच नाही.

घरात आम्ही म्हणायचो, मिटलं.
लोक फोनवरून लग्नाला बोलवायला लागले होते,
मशीन किलोच्या भावानं भंगारात गेलं,
त्याच पैशात कार्डाची तडजोड,
एक लाख सातचे पासष्ट.
उज्ज्वलानं त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.
मिटलं म्हणजे डोळे मिटतात तसं.
फिटलं नव्हतं.

वर्णमालेत फ आणि म यांच्यामध्ये
दोनच अक्षरं.
ब बँकेचा. भ भाड्याचा.
तिथंच आमची सहा वर्षं गेली.

मग बेचाळीस हजार घेऊन मी
ते घेणारा माणूस शोधत फिरलो.
ज्या नंबरांवरून दिवसाला अकरा फोन यायचे,
सासूबाईंच्या दहाव्यालासुद्धा,
ते नंबर आता अस्तित्वात नाहीत.
कंपनीनं आमचं खातं दुसऱ्या कंपनीला विकलेलं,
दुसरीचा पत्ता अलकापुरीतला,
तिथं आता दातांचा दवाखाना.
काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काय त्रास आहे?
मी म्हटलं, कर्ज फेडायचंय.
ती म्हणाली, बसा.

चार महिने. सतरा ईमेल, भाचीनं लिहिलेली.
शेवटी चेन्नईहून कुणी मुत्तुलक्ष्मी
अडखळत्या हिंदीत म्हणाली,
सर, कोई माँग नहीं रहा, आप क्यों भर रहे हो?
नवस फेडतात, पांग फेडतात, पाप इथंच फेडतात,
एवढं सगळं मला फोनवर कुठून सांगता येणार.
म्हटलं, घर लेना है.

कागद आला. छपाई वाईट,
शाई पुसट, समास डावीकडे कललेला,
आमच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक.
माझ्या दुकानातून असा कागद बाहेर पडला नसता.
लॅमिनेट करून घेतला.

त्यानंतरही सहाशे एकेचाळीसचे
सातशे बारा व्हायला आठ महिने.
मकरपुऱ्यात खोक्यांच्या कारखान्यात
मी दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्याची नावं छापत होतो
आणि दर महिन्याची पगाराची चिठ्ठी
इस्त्रीच्या कपड्यांखाली सपाट ठेवत होतो.

तरसालीला, दुसरा मजला, एक बेडरूम,
खिडकीतून हायवे आणि टायरचं दुकान.
मुदत अकराच वर्षं, कारण माझं वय.
व्याज इतरांहून पाऊण टक्का जास्त,
हे जिगीषाबेननं शेजारच्या टेबलाला
ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगितलं.
त्या हळू बोलण्याचं मी काय करू,
ते कुठल्या रकान्यात भरू, मला कळेना.
सही केली. एकोणतीस जागी.

मंजुरीचा फोन उज्ज्वलाच्या मोबाइलवर आला.
अनोळखी नंबर. तिनं कापला.
परत आला, परत कापला.
तिसऱ्यांदा तिनं फोन तांदळाच्या डब्यात खुपसला,
झाकण घट्ट लावलं
आणि पोळ्या लाटत राहिली.

पहिली पाळी संपवून मी घरी आलो.
ती ओट्याशी पाठमोरी,
डबा अजून घुरघुरत होता.